आपल्या टेकडीचे चलच्चित्र

पुण्यास प्रथमच आलेल्या एखाद्या चौकस मुलास सारसबागेत नेऊन 'हा तळ्यातला गणपती' असे सांगितले, की त्याचा पुढला प्रश्न ठरलेला असतो : 'मग तळे कोठे आहे?' प्रश्न अगदी योग्य आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याच्या पाण्यावर मोठे तळे करविले, त्याच्या मध्ये बेट राखले, आणि पुढे सन १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत त्या बेटावर गजाननाचे देवालय झाले, एवढे इतिहास सांगतो. काळाच्या ओघात ते विस्तीर्ण तळे गेले, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी हिरवळ व फुलांचे ताटवे आले. नाव तेवढे मागे राहिले. सायंकाळी त्या पाण्यावर पर्वतीची सावली कोठपर्यंत येई, श्रावणात पाणी किती चढे, काठावर झाडे कोणती होती, हे विचारावयास जावे तर सांगणारा कोणी नाही. नाव तोंडोतोंडी दोनशे वर्षे सहज टिकते. देखावा मात्र तो पाहणाऱ्या शेवटच्या मनुष्याबरोबर जातो.

पेशव्यांस याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही, कारण देखावा हालता-बोलता टिपून ठेवण्याचे साधन त्यांच्या काळी नव्हतेच. आज ते साधन घरोघरी, किंबहुना घरातील प्रत्येक माणसाच्या खिशात आहे. तरीही आपल्या राहत्या जागेभोवतालची टेकडी, ओढा, बाग, नदीचा घाट यांची चित्रे आपल्या संग्रही किती आहेत, याचा वाचकांनी आपल्याशीच हिशेब करून पाहावा. बारशाची, वाढदिवसाची, लग्नामुंजीची चित्रे शेकड्यांनी सापडतील. सिमल्यास किंवा केरळात जाऊन आणलेल्या देखाव्यांचीही वाण नसेल. परंतु ज्या टेकडीवर आपण तीस वर्षे सकाळचे फिरावयास गेलो, ती या सर्वांत कोठे असेलच तर एखाद्या नातवाच्या कानामागे दोन अंगुळे दिसत असेल, तेवढीच. आपल्या गावची भूमी आपणच चलच्चित्रात धरून ठेवावी, आणि ती कशी धरावी, याविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

चलच्चित्राची कला बागेतच जन्मली असे म्हटले, तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लुमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे जो प्रसिद्ध खेळ करून दाखविला, त्यात बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची एका खोडकर पोराने केलेली फजिती होती. आणि त्यांच्याच घरच्या बागेत आईबाप आपल्या लहानग्या मुलीस भरवीत बसले आहेत, असेही एक चित्र होते. या दुसऱ्या चित्राविषयी एक मोठी मौजेची गोष्ट त्या काळच्या लोकांनी नमूद करून ठेवली आहे. प्रेक्षकांचे लक्ष त्या मुलीकडे राहण्याऐवजी तिच्या मागे वाऱ्याने हालणाऱ्या झाडाच्या पानांकडे गेले, आणि पाने हालतात याचेच त्यांस अधिक नवल वाटले! नाटकाच्या पडद्यावर रंगविलेली झाडे त्यांनी जन्मभर पाहिली होती. त्यांतील एकाही झाडाचे पान कधी हालले नव्हते. आमच्या मते चलच्चित्राचे खरे सामर्थ्य त्या पहिल्या प्रेक्षकांस जितके कळले, तितके ते आजच्या प्रेक्षकांस कळत नाही.

हाच खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईस वॉटसन हॉटेलात झाला. तेव्हा मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सर्वांचे सावेदादा, यांनी या नव्या कलेचे वेड घेतले, इंग्लंडहून कॅमेरा मागविला, आणि सन १८९९ मध्ये एका कुस्तीचे चित्र घेतले. भारतीय मनुष्याने घेतलेले पहिले चलच्चित्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. ही कुस्ती कोठे झाली? मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये, म्हणजे जलाशयावर माती पसरून केलेल्या त्या सुप्रसिद्ध बागेत. फीत धुण्याची सोय येथे नसल्याने ती लंडनास पाठवावी लागली होती. पुढे सन १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, त्या वेळच्या त्यांच्या स्वागताचेही चित्र सावेदादांनीच घेतले. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागील टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या पुणेकरांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. ज्या प्राचार्यांनी त्या टेकडीच्या पायथ्याशी दोन तपांच्या जवळपास काळ घालविला, ते चलच्चित्रात येणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी होत. टेकडीचे भाग्य मात्र तेवढे उजळले नाही.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. 'राजा हरिश्चंद्र' सन १९१३ मध्ये लोकांपुढे आला हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, विलायतेहून परत आल्यावर, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी जे चित्र केले त्यात राजा नव्हता, राणी नव्हती, मनुष्यच नव्हता. एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून ठरावीक अंतराने त्याचे एकेक चित्र त्यांनी घेतले. आणि ती चित्रे ओळीने चालविताच बीज फुटते, अंकुर वर येतो, वेल वाढते, हे सर्व पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडले. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्राचे नाव. आम्हांस तर त्यांच्या पौराणिक चित्रपटांहूनही या कुंडीचे मोल काकणभर अधिक वाटते. धावणारा घोडा कोणासही दिसतो. इतक्या सावकाश घडणारी गोष्ट, की जी घडत असता कोणासच दिसत नाही, ती डोळ्यांपुढे आणणे हे या यंत्राचे विशेष काम होय. आणि गावची टेकडी नेमकी याच चालीने बदलत असते.

पुण्याच्या वेताळ टेकडीचेच उदाहरण घेऊ, कारण ती आमच्या पायाखालची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीची ही टेकडी शहरातील सर्वांत उंच स्थान होय. कोथरूड, पाषाण, गोखलेनगर, विधी महाविद्यालय अशा चहूंकडून तीवर वाटा चढतात. माथ्यावर वेताळाचे ठाणे आहे, एका अंगास दगडाची जुनी खाण असून तीत पाणी साठते. मुळात ही गवताची टेकडी. सालई, मोई, गणेर असे आपले काटक वृक्ष तीवर विरळ विरळ उभे असत, आणि मधल्या मोकळ्या जागेत गुडघाभर गवत. कार्तिकात ते गवत सोन्यासारखे पिवळे होऊन वाऱ्यावर लाटांसारखे हाले. पुढे टेकडी लवकर हिरवी व्हावी या सद्धेतूने वनखात्याने गिरिपुष्प नावाच्या झाडाची लागवड केली. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतील. ते झपाट्याने वाढते, गुरे त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत, आणि वसंतात गुलाबी फुलांनी इतके बहरते की नवख्यास वाटावे, टेकडीचे काय हे वैभव! परंतु त्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही. आणि गवत गेले म्हणजे गवतावर जगणारे किडे, फुलपाखरे व पक्षीही गेले. आता आजची पंचविशीतील मुले हीच टेकडी लहानपणापासून पाहत आली आहेत. त्यांस गवताळ टेकडी सांगून कळावयाची कशी? 'पूर्वी येथे असे होते' हे म्हाताऱ्यांचे वाक्य तरुणांनी कधी पुरते खरे मानले आहे काय? त्याच गवताचे अर्ध्या मिनिटाचे चित्र दाखविता आले असते, तर वाद तेथेच मिटला असता.

याच टेकडीच्या उतारावरून बालभारती ते पौड फाटा हा रस्ता नेण्याच्या व पोटातून बोगदे काढण्याच्या योजना पुढे आल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोठ्या संख्येने रस्त्यावर येऊन त्यांस विरोध दर्शविला, हे वाचकांस स्मरत असेल. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. रस्ता व्हावा म्हणणाऱ्यांसही घरी मुलेबाळे आहेत आणि गर्दीचा जाच आहे. पण कोणताही पक्ष घेतला तरी, आज त्या उतारावर काय काय आहे याचा खरा दाखला असणे हे दोघांच्याही हिताचे नाही काय? नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. त्या रेघेखाली ज्येष्ठाच्या आरंभी नवरंग पक्षी येऊन ओरडतो, हे नकाशा सांगत नाही.

आंबिल ओढ्याची कथा अधिक कठोर आहे. कात्रजच्या बाजूने येऊन पर्वतीच्या कडेने मुठेस मिळणारा हा ओढा वर्षातील दहा महिने इतका दीन दिसतो की, त्यास ओढा म्हणण्याचीही नव्या वस्तीस लाज वाटावी. हळूहळू त्याचे पात्र आवळत गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडे तुफान पाऊस पडला, आणि त्या एका रात्रीत ओढ्याने भिंती पाडून, मोटारी वाहून नेऊन, माणसांचे बळी घेऊन आपले जुने पात्र परत मागितले. पाणी कोठवर येऊ शकते, हे काठच्या जुन्या माणसांस ठाऊक होते. पण त्यांस कोणी विचारले नव्हते, आणि त्यांच्यापाशी दाखविण्यास शब्दांवाचून काही नव्हते. प्रत्येक पावसाळ्यात एकाच पुलावरून, एकाच कठड्याशी उभे राहून कोणी या ओढ्याचे मिनिटभराचे चित्र दहा वर्षे घेतले असते, तर पात्र कोठे कसे आवळले हे आंधळ्यासही दिसते. ओढा कोणत्या गावास नाही? वाई, सातारा, नाशिक, रत्नागिरी, बेळगाव, कोठेही राहणाऱ्या वाचकाने आपल्या घराजवळच्या ओढ्याचे नाव येथे घालून हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आमची पहिली आणि आग्रहाची सूचना अशी की, पुष्कळ ठिकाणी हिंडू नये. एकच जागा निवडावी आणि तीच धरून राहावे. ही जागा पायांनी नेमकी सापडेल अशी असावी : एखादा खडक, कट्ट्याचा कोपरा, देवळाची पायरी. पुणेकरांस पर्वतीचा माथा उत्तम. एकशे तीन पायऱ्या चढून वर गेले की सारे शहर चहूंबाजूंस पसरलेले दिसते. खडकीची लढाई सन १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने जेथून पाहिली असे सांगतात, ती हीच जागा. (पाहण्याच्या कामी ती जागा उत्तम होती याविषयी दुमत नाही, बाजीरावाने केवळ पाहतच राहावे की काय, हा प्रश्न निराळा.)

जागा ठरली म्हणजे वेळ ठरवावयाची. येथे आम्हांस महाकवीचे साहाय्य घ्यावेसे वाटते. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'चे सर्ग सहा. ग्रीष्मापासून आरंभ करून वसंतापाशी तो थांबतो. आपणही तसेच करावे. ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर, वसंत, असे सहा वेळा त्याच जागी, त्याच दिशेस तोंड करून, दिवसाच्या त्याच प्रहरी चित्र घ्यावे. वर्षास सहा फेऱ्या कोणासही जड नाहीत. इंग्रजी महिन्यांप्रमाणे बारा वेळा केले तर अधिकच चांगले, परंतु आमचा अनुभव असा की बाराचा संकल्प आषाढात मोडतो आणि सहाचा तडीस जातो. आपल्याकडील टेकडीचे खरे भेदही सहाच आहेत. ग्रीष्मात दगड उघडा पडतो आणि पावशाची हाक ऐकू येते. वर्षाऋतूत तीच जागा ओळखू येत नाही. शरदात हवा धुतल्यासारखी होऊन दूरचा सिंहगड हाताशी आल्यासारखा दिसतो. हेमंतात गवत पिकते. शिशिरात पाने गळून टेकडीचा सांगाडा कळतो, आणि त्याच्या अखेरीस एकही पान अंगावर नसलेल्या गणेराला पिवळीधमक फुले येतात. वसंतात पळस व पांगारा पेटतात. ही सहा चित्रे एकापुढे एक लावून पाहिली, म्हणजे सहा मिनिटांत मनुष्यास आपल्या गावचे वर्ष कळते.

यंत्राविषयी थोडे. मोबाईलचा कॅमेरा या कामास पुरेसा आहे. नवा घेण्याचे कारण नाही. काच आधी स्वच्छ फडक्याने पुसावी, कारण खिशातील घाम आणि मसाल्याचे बोट तीवर बसलेले असते. यंत्र आडवे धरावे. हल्ली उभी चित्रे घेण्याची जी रीत पडली आहे, ती माणसाच्या चेहऱ्यास ठीक असेल; पण क्षितिज आडवे आहे, त्यास उभ्या चौकटीत कोंडल्यास टेकडीची टोके तुटतात. हात कापत असेल तर तिपाई वापरावी, ती नसेल तर कठड्यावर यंत्र टेकवावे. यंत्र चालू केल्यावर ते हालवू नये. हा नियम पाळणे तरुणांस फार अवघड जाते. ते यंत्र इकडून तिकडे असे फिरवितात की, पाहणाऱ्यास झोपाळ्यावर बसल्याचा भास व्हावा. अर्धे मिनिट, साधल्यास पुरे एक मिनिट, यंत्र एका ठिकाणी ठेवावे आणि पाने हालू द्यावीत. पॅरिसच्या त्या प्रेक्षकांस नवल वाटले ते पाने हालत होती म्हणून, यंत्र हालत होते म्हणून नव्हे.

ऊन पाठीशी किंवा कुशीस असावे. सूर्योदयानंतरचा पहिला तास व सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास हे दोन्ही चांगले. भर दुपारी टेकडीला उंचसखलपणा राहत नाही, कारण सावल्याच नसतात. वारा यंत्रातील ध्वनिग्राहकावर आदळून घोंघावतो, म्हणून वाऱ्याकडे आपली पाठ करावी. मागाहून चित्रास सिनेमाचे संगीत लावण्याचा मोह होईल. तो आवरावा. टिटवीचा आवाज, दूरची घंटा, फिरावयास आलेल्यांचा हास्याचा वर्ग, पायथ्याच्या रस्त्याचा गलबला, हे सर्व त्या जागेचेच आहे आणि तेही बदलत आहे. बासरीचे तेच तेच सूर कोणत्याही टेकडीस लावता येतात. म्हणूनच ते कोणत्याच टेकडीचे नव्हत.

फाळक्यांची कुंडीची युक्ती आता प्रत्येक मोबाईलमध्ये तयारच असते. तिचे गणित मुलांकडून करवून घ्यावे, त्यांस आवडते. दर पाच सेकंदांस एक चित्र घेतले, तर तासाभरात सातशे वीस चित्रे होतात. ती सेकंदास चोवीस या गतीने चालविली, की तासाचा देखावा तीस सेकंदांत उलगडतो. आषाढात सिंहगडाकडून ढग येऊन शहरावर पसरतात तो प्रसंग या रीतीने घेऊन पाहावा. 'मेघदूत' शिकविताना मेघाचा प्रवास मुलांच्या डोळ्यांपुढे उभा करण्यास आम्हांस हात हालवीत किती तरी तासिका खर्चाव्या लागल्या, त्याची आठवण होते.

परंतु केवळ देखावा टिपला म्हणजे काम झाले असे नाही. देखाव्यात नावे नसतात. ती घरातील वडील माणसांच्या मुखात असतात, आणि एकत्र कुटुंबाचा या कामी मोठाच उपयोग आहे. आजोबांस खुर्चीत बसवून मुलाखत घेऊ नये. त्यांस शक्य असेल तर त्या जागी न्यावे, आणि समोर बोट दाखवून ते बोलत असता त्यांचा आवाज चित्रात येऊ द्यावा. 'या वडाखाली बैलगाड्या सुटत', 'ही विहीर होती', '१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी या खुणेपर्यंत आले', अशी वाक्ये जागेवरच सुचतात, दिवाणखान्यात सुचत नाहीत. आजीबाईंस भाद्रपदात न्यावे. गणपतीच्या पत्रीतील आघाडा, माका, डोरली, रुई, शमी ही कोणत्या वाटेवर कोठे उगवतात, हे त्यांस ठाऊक असते. आता पत्री मंडईतून बांधलेल्या जुडीत येते, त्यामुळे त्या जुडीतील एकेक पान उचलून नाव सांगू शकणाऱ्या सुना किती निघतील, हे आम्ही विचारीत नाही. मुलांची परीक्षा तर त्याहून नको. एका श्रावणात आजीच्या बोटांमागून कॅमेरा फिरला, तर पुढल्या पिढीस वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा घरीच मिळेल. परदेशी गेलेल्या मुलांस पाठविण्यासही याहून चांगली वस्तू नाही. कॅलिफोर्नियातील एका आमच्या माजी विद्यार्थिनीने कळविले की, दिवाळीच्या फराळाच्या डब्यापेक्षा पावशाच्या आवाजाने घरी अधिक रडारड झाली.

बागांत व टेकडीवर चित्र घेताना काही शिष्टाचार पाळावेत. माणसांचे चेहरे, विशेषतः स्त्रियांचे व परक्या मुलांचे, त्यांस न विचारता घेऊ नयेत. दुरून येणाऱ्या-जाणाऱ्या आकृती असाव्यात, त्यांनी देखाव्यास प्रमाण येते. पक्ष्याच्या घरट्याजवळ जाऊ नये. तिपाई मांडली की कित्येक बागांतील पहारेकऱ्यास आपण चित्रपटाची मंडळी वाटतो. एका बागेत तर आम्हांस 'नायिका कोठे आहे?' असे विचारण्यात आले होते! अशा वेळी वाद न घालता कार्यालयात जाऊन हेतू सांगावा व परवानगी घ्यावी. लष्कराच्या हद्दीत कॅमेरा काढूच नये. ड्रोन नावाचे जे उडते यंत्र निघाले आहे, त्यास सन २०२१ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत व त्यांत आकाशाचे लाल, पिवळा व हिरवा असे तीन विभाग केले आहेत. पुण्यासारख्या शहरात, जेथे लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे आणि खडकवासल्यास प्रबोधिनी आहे, तेथे ते यंत्र नकाशा पाहिल्यावाचून उडविणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. शिवाय घारीच्या डोळ्यांनी दिसणारी टेकडी ही आपली टेकडी नव्हे. आपली ती, जी चढताना धाप लागते.

शेवटचा विषय जतनाचा. यात हयगय झाली तर वरील सर्व श्रम फुकट. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले म्हणतात. त्यांतील बोटांवर मोजण्याइतकेच आज पुरते पाहावयास मिळतात. 'राजा हरिश्चंद्रा'च्या देखील चार रिळांपैकी निम्मीच हाती राहिली आहेत. चित्रपटांच्या जतनासाठी सन १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. पण जुन्या नायट्रेटच्या फिती इतक्या ज्वालाग्राही, की जानेवारी २००३ मध्ये प्रभातनगरीच्या जागेतील एका कोठारास आग लागून कित्येक दुर्मीळ चित्रे भस्मसात झाली. जेथे जाणते लोक रात्रंदिवस राखण करीत होते तेथे ही गत, मग आपल्या घरच्या कपाटाचे काय? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या व्हिडिओ-फिती अनेक घरांत माळ्यावर पडल्या आहेत. त्या लावावयाचे यंत्र मिळत नाही, कारण ती यंत्रे बनविणारा जपानमधील शेवटचा कारखानाही सन २०१६ मध्ये थांबला. म्हणून प्रत्येक चित्राच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात, एक आपल्याकडे व एक लेकीकडे. आणि दर चार-पाच वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागा असा क्रम ठेवावा, म्हणजे यंत्रात ती आपोआप कालक्रमाने लागतात. तिथी लिहिल्यास दुधात साखर.

कोथरूडकडील एका घरी हा नेम तीन वर्षे चालला आहे. घरात आजी, दोन भाऊ, त्यांच्या स्त्रिया व चार मुले. यंत्र नववीतील मुलाच्या हाती. गेल्या दसऱ्यास सोने देऊन-घेऊन झाल्यावर सारी मंडळी एकत्र बसून सगळी चित्रे ओळीने पाहत होती. वेताळ टेकडीच्या उताराचे चित्र येताच आजी म्हणाल्या, 'अरे, डावीकडची सालई कोठे गेली?' तोवर ती गेल्याचे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. रोज तेथून जाणाऱ्या थोरल्या भावाच्याही नाही. मुलाने मागली चित्रे एकेक करून पुन्हा लावली. शिशिराच्या चित्रात सालई उभी होती. वसंताच्या चित्रात उतार काळा पडलेला होता, आणि तिच्या जागी हातभर जळके खोड. मधल्या काळात केव्हा तरी कोणी गवतास आग लावली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी थोरले भाऊ ती दोन्ही चित्रे घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेले. तेथील अधिकाऱ्याने चित्रे दोनदा पाहिली, आणि पहिला प्रश्न केला तो तारखांचा. तारखा चित्रांच्या नावातच होत्या. त्याने त्या आपल्या वहीत उतरवून घेतल्या.